शब्दाला जामीन राहणारी माणसे

खचलेल्या मनुष्याशी चार गोड शब्द बोलणे ही सौजन्याची गोष्ट आहे आणि सौजन्याची थोरवी कोणीही अमान्य करणार नाही. परंतु ज्या शब्दाने तो मनुष्य खरोखरी उठून उभा राहतो, टाकून दिलेल्या कामाला पुन्हा हात घालतो आणि देवाने आपला त्याग केलेला नाही अशी ज्या शब्दाने त्याची खातरी पटते, त्या शब्दाची जात निराळी असते. असा शब्द उच्चारणाऱ्याने समोरच्या माणसात काहीतरी खरे पाहिलेले असते, आणि त्या पाहिलेल्या सत्यासाठी प्रसंग पडल्यास स्वतःची पत पणाला लावण्याची त्याची तयारी असते. कचेरीत दुसऱ्यासाठी जामीन राहणारा मनुष्य आपले नाव त्याच्या नावाखाली लिहून देतो आणि त्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी पत्करतो. धीराचा शब्द देणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य याच प्रकारचे आहे, असे माझे नम्र मत आहे, आणि ते रोजच्या व्यवहारात कसे पार पाडावे हे वाचकांपुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

ख्रिस्ती धर्मात शब्दाचे स्थान मुळातच मोठे आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि सृष्टी अस्तित्वात येते. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताची पहिली ओळख शब्द म्हणूनच करून दिली जाते. जीवन आणि मरण ही दोन्ही जिभेच्या अधीन आहेत असा नीतिसूत्रांचा अभिप्राय आहे, आणि याकोबाने तर आपल्या छोट्याशा पत्रातील एका अध्यायाचा बहुतेक भाग जिभेला आवर घालण्याच्या उपदेशासाठीच दिला आहे. ज्यांच्या श्रद्धेचा पाया असा शब्दावर रचलेला आहे, त्यांनी बोलणे ही क्षुल्लक बाब मानावी हे त्यांना शोभत नाही. तरीही आपल्या घरांतून आणि मंडळ्यांतून चित्र असे दिसते की, तक्रार करायची असली म्हणजे आपणांस शब्दांची वाण कधी पडत नाही, आणि धीर देण्याची वेळ आली म्हणजे मात्र "प्रभू पाहून घेईल" एवढे ठरावीक वाक्य बोलून आपण मोकळे होतो. आपली अंतःकरणे कोरडी आहेत असे यावरून मानण्याचे कारण नाही. हे काम कसे करावे याचे शिक्षण आपणांस फारसे कोणी दिलेले नसते, हेच त्याचे खरे कारण आहे. ते शिक्षण घ्यावयाचे तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील एका माणसाच्या चरित्रापासून आरंभ करणे उत्तम.

बर्णबाचा वस्तुपाठ

कुप्र बेटावरचा योसेफ नावाचा एक लेवी यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत होता. लोकांना धीर देण्याच्या त्याच्या गुणावरून प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव दिले, आणि त्याच्याविषयीची पहिली नोंद अशी आहे की, त्याने आपली जमीन विकली व आलेला पैसा प्रेषितांच्या चरणांशी आणून ठेवला. म्हणजे धीराचे शब्द बोलणारा म्हणून ज्याची ख्याती झाली, त्याच्या शब्दापूर्वी त्याची कृती मंडळीने पाहिलेली होती. पुढे तार्सकर शौल दिमिष्काच्या वाटेवर ख्रिस्ताला शरण गेला आणि काही काळाने यरुशलेमेस येऊन शिष्यांत मिसळू पाहू लागला, तेव्हा सगळे त्याला भ्याले. त्यांची भीती निराधार नव्हती. स्तेफनाला दगडमार झाला त्या वेळी साक्षीदारांनी आपली वस्त्रे याच तरुणाच्या पायांशी ठेवली होती, आणि घरोघर शिरून स्त्रीपुरुषांना तुरुंगात टाकणाराही हाच होता; तो शिष्यांच्या मेळ्यात कपटाने शिरत असेल, तर उद्या किती कुटुंबांवर गदा येईल याचा नेम नव्हता. अशा वेळी बर्णबाने शौलाला बरोबर घेतले, प्रेषितांपुढे नेले आणि तीन गोष्टी सांगितल्या: याने वाटेत प्रभूला पाहिले, प्रभू याच्याशी बोलला, आणि दिमिष्कात याने येशूच्या नावाने निर्भयपणे उपदेश केला.

या तीन वाक्यांत शौलाच्या विद्वत्तेची स्तुती नाही आणि त्याच्या स्वभावाचे वर्णनही नाही. घडलेल्या तीन घटना तेवढ्या आहेत. परंतु त्या सांगताना बर्णबाने आपली मंडळीतील सर्व प्रतिष्ठा शौलाच्या बाजूने मांडली होती, आणि शौल खोटा निघता तर त्याच्याबरोबर बर्णबाचाही शब्द कायमचा बुडाला असता. पुढे अंत्युखियात हेल्लेणी लोक विश्वास ठेवू लागले, तेव्हा चौकशीसाठी यरुशलेमेच्या मंडळीने बर्णबालाच पाठवले. त्याने तेथे देवाची कृपा पाहिली, त्याला आनंद झाला, आणि मग त्याने सर्वांना प्रभूला धरून राहण्याचा बोध केला. काम वाढू लागले तसा तो स्वतः तार्सास गेला, शौलाचा शोध करून त्याला घेऊन आला, आणि त्या दोघांनी वर्षभर तेथे शिक्षण दिले. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव प्रथम मिळाले ते याच अंत्युखियात.

बर्णबाच्या आयुष्यात आणखी एक प्रसंग आहे, आणि तो धीर देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने मनात धरण्याजोगा आहे. योहान मार्क हा त्याचा भाऊबंद बर्णबा आणि पौल (पूर्वीचा शौल) यांच्या पहिल्या प्रचारप्रवासात पंफुलियातून साथ सोडून माघारी गेला होता. दुसऱ्या प्रवासाची सिद्धता होऊ लागली तेव्हा त्याला पुन्हा बरोबर घ्यावे असे बर्णबाचे म्हणणे पडले आणि घेऊ नये असे पौलाचे. वाद इतका वाढला की दोघे वेगळे झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. ज्या पौलासाठी त्याने एकदा आपली पत पणाला लावली होती, त्याच पौलाचा रोष त्याने आता एका अपेशी तरुणासाठी पत्करला. अनेक वर्षांनंतर तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल सांगतो की, मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. आणि मंडळीची प्राचीन परंपरा दुसऱ्या शुभवर्तमानाचे कर्तृत्व याच मार्काला देते. बर्णबा निर्दोष होता असेही नाही, कारण अंत्युखियातील एका प्रसंगी इतरांच्या ढोंगात तोही वाहवत गेला, असे पौलाने गलतीकरांना स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा दुसऱ्याला धीर देण्यापूर्वी स्वतः परिपूर्ण झाले पाहिजे, ही सबब कोणालाही सांगता येणार नाही.

पैशाच्या व्यवहारात परक्याला जामीन राहणाऱ्याला नीतिसूत्रांत पुनःपुन्हा सावध केलेले आहे, हे शास्त्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. परंतु त्याच शास्त्रात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने येशूला उत्तम कराराचा जामीन म्हटले आहे. आपण पात्र ठरण्याआधी तो आपल्यासाठी उभा राहिला आणि आपल्या वतीचा सारा भार त्याने स्वतःवर घेतला, ही ख्रिस्ती मनुष्याची मूळ श्रद्धा आहे. ज्याच्यासाठी एवढी मोठी हमी दिली गेली आहे, त्याने आपल्या बंधूसाठी एका वाक्याची हमी देताना हात आखडता घ्यावा, हे त्या श्रद्धेशी विसंगत होय.

स्तुती आणि साक्ष

आता व्यवहाराकडे वळू. धीर देणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते हे की, स्तुती आणि साक्ष या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. "तू फार हुशार आहेस", "तुमच्यासारखे तुम्हीच", ही स्तुतीची वाक्ये होत. ती ऐकताना क्षणभर बरे वाटते, परंतु खचलेल्या मनुष्याचा त्यांवर विश्वास बसत नाही, कारण आपण हुशार नाही याचा ताजा पुरावा त्याच्या हातात असतो. साक्षीचे वाक्य मात्र घडलेल्या गोष्टीवर उभे असते आणि म्हणून ते खोडून काढता येत नाही. शालान्त परीक्षेत नापास झालेल्या मुलाला "काही हरकत नाही, होतं असं" असे म्हणण्यापेक्षा, "गणिताचा पेपर गेला हे खरे आहे, पण वडील आजारी असताना चार महिने दुकान सांभाळून तू अभ्यास केलास हे मी पाहिले आहे, पुन्हा बसायचे ठरवलेस, तर रोज संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे येत जा," असे म्हणावे. या बोलण्यात अपयश लपवलेले नाही, पाहिलेली गोष्ट नेमकी सांगितली आहे, आणि बोलणाऱ्याने आपल्या संध्याकाळी त्या मुलाच्या नावे लिहून दिल्या आहेत. धीराच्या शब्दात यांपैकी किमान पहिल्या दोन गोष्टी असाव्यात, आणि जेथे शक्य असेल तेथे तिसरीही असावी.

यासाठी बोलण्यापूर्वी पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. अंत्युखियात बर्णबाने आधी पाहिले, मग त्याला आनंद झाला, आणि त्यानंतर तो बोलला. हा क्रम मोडला म्हणजे शब्द पोकळ होतात. आपल्या मंडळीत रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या बाई असतात, उपासनेपूर्वी येऊन बाके पुसणारा आणि घंटा वाजवणारा मनुष्य असतो, पेटीवर गीतांची साथ करणारा तरुण असतो. त्यांचे काम नीट चालले असता ते कोणाला दिसत नाही आणि एखादे दिवशी चुकले म्हणजे सर्वांना दिसते. त्या बाईंना वार्षिक सभेत आभाराच्या ठरावात गुंडाळून टाकण्यापेक्षा, "बाई, माझी मुलगी घरी येऊन धाकट्या भावाला योसेफाची गोष्ट सांगत होती, आणि भावांनी विकले तरी देवाने त्याला सोडले नाही हे तिने स्वतःहून सांगितले," एवढे एका बापाने दाराशी थांबून सांगितले, तर त्या बाईंना पुढची कित्येक वर्षे त्यावर काढता येतात. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी दोन डझन माणसांना नावानिशी सलाम सांगितला आहे, आणि पुष्कळांच्या नावापुढे त्यांनी काय केले तेही लिहिले आहे: अमुक बाईने पुष्कळ श्रम केले, अमुक दांपत्याने माझ्यासाठी आपला जीव धोक्यात घातला. साम्राज्याच्या राजधानीत पाठवलेल्या एवढ्या गहन तत्त्वचर्चेच्या पत्रात त्याला हे लिहिण्यास जागा सापडली, हे आपण विसरू नये.

मनुष्य ओळखून बोलावे

सर्वांना एकच औषध लागू पडत नाही. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने हा भेद फार नेमका केला आहे: जे अव्यवस्थित वागतात त्यांना ताकीद द्यावी, जे अल्पधीर आहेत त्यांना धीर द्यावा, जे अशक्त आहेत त्यांना आधार द्यावा, आणि सर्वांशी सहनशीलतेने वागावे, असा त्याचा आशय आहे. या चारांची अदलाबदल झाली की हित करता करता अहित होते. आळसाने काम बिघडवणाऱ्याला धीर दिला तर त्याचा आळस वाढतो; भ्यालेल्याला ताकीद दिली तर तो मोडून पडतो; आणि ज्याच्या घरात अन्न नाही त्याला नुसता धीर देणे ही त्याची थट्टा ठरते. उघड्या आणि उपाशी बंधूला ऊब घे, तृप्त हो असे म्हणून वाटेला लावणाऱ्याचा याकोबाने जो कडक समाचार घेतला आहे, तो याच कारणासाठी. म्हणून तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येकाने मनाशी विचारावे: या मनुष्याला काय हवे आहे, जागे होणे, धीर, की मदत? उत्तर मदत असे आले, तर शब्द मागाहून येऊ द्यावेत.

एलीयाची हकीकत या दृष्टीने पुनःपुन्हा वाचण्यासारखी आहे. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर ईजबेलीच्या धमकीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि आपल्याला मरण यावे अशी त्याने प्रार्थना केली. देवाने त्याला तेथे उपदेश केला नाही. त्याला झोप दिली, दूताकरवी निखाऱ्यांवरची भाकर आणि पाण्याची सुरई दिली, पुन्हा झोप दिली, पुन्हा खावयास दिले. आणि होरेबापर्यंतची वाट चालून झाल्यावर मग त्याच्याशी भाषण केले, त्याला नवे काम नेमून दिले, आणि तू एकटा उरला आहेस असे तुला वाटते, पण बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक मी राखले आहेत, हे सांगितले. थकलेल्या मनुष्याला तू एकटा नाहीस असे सांगावयाचे असेल, तर त्याच्या बरोबर कोण कोण आहेत हे असेच नेमके सांगता आले पाहिजे, आणि त्याआधी त्याच्या जेवणाखाणाची आणि विश्रांतीची विचारपूस झाली पाहिजे.

शोकाच्या प्रसंगी हे तारतम्य अधिकच लागते. ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ जमिनीवर सात दिवस आणि सात रात्री मुकाट्याने बसून राहिले, तोपर्यंत त्यांचे वर्तन आदर्श होते. त्याच्या दुःखाची कारणे सांगण्यास त्यांनी आरंभ केला तेव्हा ते त्याला जाचक झाले, आणि शेवटी त्यांच्या बोलण्यावर देवाने स्वतः क्रोध व्यक्त केला. ज्या घरात मृत्यू झाला आहे तेथे "देवाला फुले आवडतात", "देवाच्या मनात असेल तेच होते", अशी वाक्ये बोलण्याची आपल्याकडे रीत पडून गेली आहे. ती वाक्ये बोलणाऱ्याचा भाव चांगला असतो, परंतु लेकरू गमावलेल्या आईला त्यांतून असे ऐकू येते की, ज्याच्या पायांशी रडावे असे वाटते त्याच देवाने आपले लेकरू हिरावून नेले. त्या घरी कारणे सांगू नयेत. मृताचे नाव घेऊन त्याची एखादी खरी आठवण सांगावी, स्वयंपाकाचा भार उचलावा, आणि सगळी माणसे पांगल्यावर, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी, पुन्हा जावे. कारण मित्राचा शब्द तेव्हाच अधिक लागतो. लाजराच्या मृत्यूप्रसंगी पुनरुत्थानाविषयी बोलणारा ख्रिस्त स्वतः रडलाही, ही गोष्ट आपणांस पुरेशी मार्गदर्शक आहे.

दोष दाखवताना

धीर देणे म्हणजे दोषाकडे डोळेझाक करणे, असा काहींचा समज असतो. पवित्र शास्त्राला तो मान्य नाही. करिंथच्या मंडळीत तट पडले होते, बंधू बंधूवर कज्जे करीत होते, प्रभुभोजनाच्या मेजावर गोंधळ चालला होता, आणि हे सर्व पौलाने अतिशय स्पष्ट शब्दांत सुनावले आहे. परंतु पत्राच्या आरंभी, त्यांच्यावर झालेल्या देवाच्या कृपेबद्दल आपण नित्य उपकारस्तुती करतो असे त्याने लिहिले आहे, आणि ते उपचारादाखल लिहिलेले नाही, कारण गलतीकरांवर तो संतप्त होता तेव्हा त्याने असे उपकारस्तुतीचे वाक्य लिहिण्याचे टाळले. प्रकटीकरणातील सात मंडळ्यांना पाठवलेल्या पत्रांतही हाच न्याय दिसतो. इफिसकरांचे श्रम आणि धीर यांची आधी नोंद होते, मग त्यांनी पहिली प्रीती सोडल्याचा ठपका येतो. छळ सोसणाऱ्या स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांवर ठपकाच नाही. आणि जिच्याविषयी चांगले बोलण्यासारखे काहीच नव्हते त्या लावदिकीयालाही, दाराशी उभा राहून ठोठावणाऱ्या प्रभूचे आमंत्रण आहे. कोणाला दोष दाखवावयाचा असेल तर त्याच्यातील खरे चांगले काय आहे हे आपणांस आधी दिसले आहे की नाही, हे तपासावे. दिसले नसेल, तर दोष दाखवण्याचा अधिकार आपणांस अद्याप आलेला नाही असे समजावे.

स्थळाचाही विचार करावा. अपुल्लो हा वक्तृत्वसंपन्न उपदेशक सभास्थानात बोलत असताना त्याचे ज्ञान अपुरे असल्याचे प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या ध्यानात आले. त्यांनी भर सभेत त्याची चूक काढली नाही, त्याला आपल्याकडे घेऊन जाऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, आणि पुढे तोच अपुल्लो अखया प्रांतात विश्वासणाऱ्यांना फार साहाय्यकारी झाला. स्तुती चारचौघांत आणि चूक चार भिंतींत, हा नियम कुटुंबालाही लागू आहे आणि पंचमंडळीलाही. चुकलेल्या माणसाला क्षमा करून भागत नाही, त्याला पुन्हा काम द्यावे लागते, हेही येथेच सांगितले पाहिजे. प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभूने तीनदा प्रीतीविषयी विचारले, आणि प्रत्येक उत्तरानंतर आपली मेंढरे त्याच्या हवाली केली. एखाद्या तरुणाच्या हातून मंडळीच्या हिशेबात घोळ झाला असेल, तर त्याने कबुली देऊन भरपाई केल्यावर त्याला आयुष्यभर शेवटच्या बाकावर बसवून ठेवू नये. वडील सभासदाच्या देखरेखीखाली का होईना, त्याच्याकडे काही जबाबदारी सोपवावी. विश्वास दाखवल्याखेरीज विश्वासाचा शब्द पुरा होत नाही.

महाराष्ट्रातील एक घर

आपल्या महाराष्ट्रात या गोष्टीचे उदाहरण शोधण्यास लांब जावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराची हकीकत स्मृतिचित्रे या ग्रंथामुळे घरोघर पोहोचली आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली, आणि १९०० साली लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. बालपणी शाळेचा लाभ न झालेल्या या बाईला अक्षरांची वाट पतीने दाखवली, तिच्या कवित्वाला पतीचे उत्तेजन मिळाले, आणि १९१९ साली टिळक निवर्तल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे काव्य तिने पुरे केले. टिळकांचा स्वभाव तापट होता हे लक्ष्मीबाईंनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. यावरून आपण हे शिकावे की, दुसऱ्याला वर काढण्यासाठी जन्मतःच गोड स्वभाव असावा लागतो असे नाही, समोरच्याच्या ठिकाणी जे देवाने ठेवले आहे ते ओळखण्याची आणि त्याला वाव देण्याची निष्ठा मात्र असावी लागते.

याच घराने त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या कवीला अहमदनगरास आपल्याजवळ ठेवून घेतले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याची कविता ऐकून अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर यांनी त्याला बालकवी म्हटले, आणि ते नाव मराठी काव्यात कायमचे राहिले. १९१८ साली ऐन तारुण्यात त्याचा अंत झाला. परंतु जेवढे आयुष्य त्याला लाभले तेवढ्यात त्याचे काव्य फुलले, आणि त्यामागे टिळक दांपत्याच्या घरची माया होती. हा मुलगा ख्रिस्ती नव्हता आणि ख्रिस्ती व्हावे अशी अट घालून ती माया त्याला मिळाली नव्हती. ख्रिस्ती मनुष्याचा धीराचा शब्द मंडळीच्या कुंपणाआत अडकून राहू नये, हे या घराने आपणांस दाखवून दिले आहे. शेजारचा मुलगा, कचेरीतला शिपाई, दवाखान्यातील रात्रपाळीची परिचारिका, यांच्या कामात जे चांगले दिसेल ते सांगताना त्यांचा धर्म विचारू नये.

शब्द साधा असावा

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या विदुषीने सोप्या मराठीसाठी असे श्रम घ्यावेत, याचे कारण केडगावच्या मुक्ति सदनातील अल्पशिक्षित स्त्रियांना तो शब्द आपला वाटावा, ही त्यांची तळमळ होती. धीर देणाऱ्यानेही हाच नियम पाळावा. उपासनेतील ठेवणीची भाषा दुःखी माणसाच्या माजघरात नेऊ नये. शास्त्रवचन सांगावयाचे असेल तर एकच सांगावे, ते आपणांस कोणत्या प्रसंगी उपयोगी पडले हे त्याबरोबर सांगावे, आणि वचन सांगून निघून जाण्याऐवजी थोडा वेळ बसून राहावे. भेटणे शक्य नसेल तर पत्र लिहावे. चार ओळींचे कार्डही पुरते, कारण बोललेले वाक्य ऐकणाऱ्याच्या स्मरणात अंधूक होते, लिहिलेले मात्र अडचणीच्या रात्री पुन्हा काढून वाचता येते. पौलाचे पुष्कळसे सामर्थ्य आपल्यापर्यंत पोहोचले ते पत्रांतूनच, आणि त्यांतील काही त्याने बंदिवासातून लिहिली.

अवास्तव आश्वासने कटाक्षाने टाळावीत. "तू नक्की बरा होशील", "नोकरी मिळणारच", अशी हमी देणे आपल्या हाती नाही, आणि ती खोटी ठरली म्हणजे ऐकणाऱ्याची श्रद्धाही डळमळते. जीफच्या रानात शौल राजाच्या भीतीने लपलेल्या दाविदाकडे योनाथान गेला आणि त्याने देवाच्या ठायी त्याचे मन खंबीर केले, असे शास्त्र सांगते. योनाथान वारसाने गादीचा हक्कदार होता. तू इस्राएलाचा राजा होशील असे दाविदाला सांगताना तो आपलाच हक्क सोडून देत होता, आणि देवाने जे आधीच ठरवले होते त्याचीच तो आठवण देत होता. आपण हमी द्यावयाची ती याच मर्यादेत: देव सोडणार नाही ही एक, आणि मी सोडणार नाही ही दुसरी. पहिली देवाच्या वचनाने पक्की आहे. दुसरी पाळणे आपल्या हाती आहे, म्हणून जेवढी पाळता येईल तेवढीच बोलावी.

आरंभ कसा करावा

शेवटी हा शब्द आणावयाचा कोठून? यशयाच्या ग्रंथात प्रभूचा सेवक सांगतो की, भागलेल्याला शब्दाने आधार द्यावा म्हणून प्रभूने त्याला सुशिक्षितांची जीभ दिली आहे, आणि रोज सकाळी तो त्याचा कान जागा करतो. जिभेला हे शिक्षण मिळते ते कानातून. जो सकाळच्या प्रहरी देवापुढे शांत बसून ऐकत नाही आणि दिवसा माणसांचे पुरते ऐकून घेत नाही, त्याच्याजवळ धीर देण्याजोगे फार काळ काही उरत नाही; तो लवकरच पाठ केलेल्या वाक्यांवर येतो. म्हणून प्रार्थनेच्या वेळी नावांची एक वही जवळ ठेवावी. ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्यांच्या नावासमोर, त्या आठवड्यात त्यांच्याविषयी आपणांस दिसलेली एखादी खरी आणि चांगली गोष्ट लिहावी. ज्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही, त्या माणसाला आपण नीट पाहिलेले नाही असे समजून त्याच्या घरी जावे. आणि जी गोष्ट लिहिली, ती ज्याची त्याला जाऊन सांगावी. वहीत राहिलेल्या कौतुकाने कोणाचे मन उभे राहत नाही.

या कामाला आपल्याच घरापासून आरंभ करावा. पत्नीच्या हातच्या स्वयंपाकाला मीठ कमी पडले तर जो त्याच दिवशी बोलतो, त्याने आयुष्यभर बिनचूक झालेल्या स्वयंपाकाविषयी एकदा तरी बोलावे. मुलाच्या प्रगतिपुस्तकातील लाल रेघ पाहणाऱ्याने त्याच मुलाने आजीचा हात धरून तिला देवळात नेलेले पाहावे. म्हाताऱ्या वडिलांना त्यांच्या शिकवणुकीपैकी कोणती गोष्ट आपल्या उपयोगी पडली हे ते ऐकू शकतात तोवर सांगावे, कारण दफनविधीच्या भाषणातील तेच वाक्य त्यांच्या कानी पडणार नाही. घरातून हा शब्द मंडळीत जावा, मंडळीतून शेजारात जावा, आणि ज्या एका माणसावर सध्या कोणाचाच विश्वास उरलेला नाही, अशा माणसापर्यंत तो पोहोचावा. असा एक मनुष्य प्रत्येक वस्तीत आणि प्रत्येक मंडळीत असतोच. येत्या रविवारच्या आत त्याला गाठावे, त्याच्याविषयी जे खरे व चांगले आहे ते त्याच्या तोंडावर सांगावे, चार लोकांत त्याची बाजू घ्यावी, आणि त्यासाठी जी काही किंमत पडेल ती आपल्या खात्यावर मांडून घ्यावी.